कळंबाचा पाळणा

वरकुटे, बुधवार, १२ जानेवारी १९९४

बारामतीहून आणलेल्या पाळण्याची निखळलेली कडी परत बसवायला आज सुतारतात्या आले होते. जाताना सहज म्हणाले, "लाकूड कळंबाचं हाय बरं का. किडायचं न्हाय." कळंब या घराचं देवक. त्याची फांदी तोडायची नाही, लाकूड वापरायचं नाही. आणि माझी तान्ही सोनी महिनाभर त्यातच झोपतेय.

ह्यांना सांगितलं तर हसले. "लाकडाला काय कळतंय?" म्हणाले. पण झोपलेल्या सोनीला पाळण्यातून उचलून माझ्या मांडीवर त्यांनीच दिलं.

माझ्या माहेरचं देवक वेगळं. लग्नाआधी हा मला नुसता पाळणा वाटला असता. मग ही भीती माझ्यात कधी शिरली? सोनीचं अंग कोमट लागतंय का? मघापासून सारखा हात लावून बघतेय.

सासूबाईंजवळ अजून बोलले नाही. चुलीत घालून संपवावा, तर कळंब जाळायचाही नाही.

पाळणा समोर रिकामा टांगलाय. बघवत नाही म्हणून त्याच्याकडं पाठ करून बसले. आता वाटतंय, देवकाकडं पाठ तरी चालते का?