पंख्याचा पट्टा

दि. ९ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तुझ्याशी बोलण्यात आता राम उरला नाही. गेल्या रविवारी मी घसा फोडून सांगत होते की मी गाडी घेतली, आणि तू विचारलंस की दाढ काढल्यावर दुखतंय का अजून. तेव्हा म्हटलं, आपली लेखणीच बरी. तर नीट वाच: मी गाडी घेतली आहे. दाढा सगळ्या जागेवर आहेत.

लहानशी आहे. गोल डोळ्यांची, शेवाळी हिरवी, छप्पर सायीच्या रंगाचं. कोरी करकरीत आहे, पण अंगावरचे कपडे साठ वर्षांपूर्वीचे. मी चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं बांधली, त्यामुळे माझी नजर आधी शिवणीवर गेली. समोरच्या फळीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, कातड्याची दुहेरी शिवण दिसते. बोट फिरवून पाहिलं तर प्लास्टिकवर उठवलेलं नुसतं चित्र! म्हणजे नव्या पुस्तकाला जुनी बांधणी. पण खोटं सांगत नाही, पाहताक्षणी आवडली. हे गेल्यावर यांची ती अजस्र गाडी मी विकली, कारण तिच्यात बसलं की मला घरातल्यापेक्षाही एकटं वाटायचं. ही माझ्या मापाची आहे.

लेकीला पसंत नाही. ती रविवारी कॅमेऱ्यावर येते, पण निम्मं लक्ष ओव्हनकडे असतं. या वयात गाडी घेऊन जाणार कुठे, असं तिने विचारलं. नेटवर्क नीट नाही असं सांगून मी फोन ठेवून दिला.

एक गंमत. पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर मी पिशवी ठेवली, तर गाडी टिंग टिंग करून कावली. तिला वाटलं, माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावला नाही. शेवटी पिशवीला पट्टा बांधला तेव्हा गप्प बसली. आता पिशवी नसली तरी तो पट्टा मी सोडत नाही.

मुद्द्याचं राहिलंच. खराब रस्त्यावर मागून टिकटिक असा आवाज येतो. घाईतल्या घड्याळासारखा. ब्रेक लावला की थांबतो. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तू आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचास. हे कागदावरून ओळखून दाखव. आणि इकडे ये ना चार दिवस. वरची खोली रिकामीच आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी
ताई


दि. १७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन. आजीचा झगा घातलेली नात घरात आणलीस म्हणायची. अशा गाड्यांना आम्ही वर्कशॉपवाले नाकं मुरडतो, पण तुझ्या अंगणात शोभत असेल.

आता टिकटिक. ब्रेक लावल्यावर थांबते, म्हणजे काहीतरी लोंबकळतंय आणि ब्रेकच्या झटक्याने पुढे जाऊन टेकतंय. इंजिनाचा काही संबंध नाही. मागच्या सीटवर कोणी बसत नाही, त्यामुळे तिथल्या पट्ट्यांची धातूची जीभ मोकळी असणार. ती दाराच्या प्लास्टिकवर आपटते. मागचे पट्टे लावून टाक, किंवा जिभेला जुना मोजा गुंडाळ. नाही थांबलं तर पुन्हा लिही. कोणत्या वेगाला येतो, काचा वर असताना की खाली, ऊन असताना की गारठ्यात, हे सगळं लिही. रोग्याने नुसतं दुखतं म्हणून चालत नाही.

माझं विशेष काही नाही. कानातलं यंत्र खणात ठेवलंय. ते लावलं की चमचा पडला तरी घण पडल्यासारखा वाटतो, आणि माणसाचं बोलणं मात्र भिंतीपलीकडून. दोन किटल्या जाळल्या, तिसरी समोर बसून उकळतो. एकटा जीव सदाशिव, त्याला काय.

तुझ्याकडे येऊन काय करू? तू बोलणार, मी मान डोलावणार आणि नको तिथे हसणार. भावजींच्या वेळी आलेल्या लोकांत तेच झालं, तुला आठवत असेल. त्यापेक्षा पत्र बरं. यात मला सगळं ऐकू येतं.

कळावे, आणि कळत राहावे.
तुझा
खटपट्या


दि. २ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

जिंकलास. पट्ट्याची जीभच होती. मोजा गुंडाळला आणि टिकटिक बंद. गाडी एकदम इतकी शांत झाली की मी रेडिओ लावला.

या गाडीचं एक आहे, ती लोकांना बोलायला लावते. यांच्या मोठ्या गाडीकडे कधी कुणी ढुंकून पाहिलं नाही. हिला सिग्नलला लोक हात करतात. परवा पेट्रोल भरताना एक म्हातारे गृहस्थ आपली गाडी सोडून माझ्याकडे आले. छपरावर तळवा ठेवून म्हणाले की त्यांच्या मोठ्या बहिणीकडे अगदी हीच होती, हिच्यातच ते चालवायला शिकले. मग मला विचारलं की कोणत्या साली घेतली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून खरं सांगवेना. बरीच जुनी आहे, असं म्हणाले मी. म्हणजे या वयात खोटं बोलायला शिकले. ते निघून गेले, आणि मी पंपावरून गाडी हलवायचं विसरून बसले होते. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

बाकी डिकी म्हणजे डबाच आहे. भाजीची पिशवी बसली की छत्री बाहेर. मागच्या काचेजवळचा खांब इतका जाड की वळताना मान बगळ्यासारखी करावी लागते. पण कुठेही मावते. मागच्या आठवड्यात दोन मोटारींच्या मधल्या फटीत मी ती अशी घातली, की तू असतास तर टाळी दिली असतीस. मी इकडे तिकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी तलावापर्यंत जाते, काठावर थर्मासमधला चहा पिते आणि परत येते. किलोमीटरचा आकडा तीनशेच्या पुढे गेला, आणि सगळे या एका गावातले. गाडी आहे रे, पण जायला कुणाचं घर नाही.

बरं, नवीन तक्रार. सकाळी सुरू केल्याबरोबर बॉनेटखालून किर्रर्र असा आवाज येतो, ओला खडू फळ्यावर ओढल्यासारखा. बाबांच्या खटाऱ्यात पंख्याचा पट्टा ओरडायचा ना, अगदी तसा. मिनिटभराने जातो. काचा वर असोत की खाली. गारठ्यात जास्त. घाई नाही, पण सविस्तर लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लेखणी बिघडली आहे आणि टेबल डुगडुगतंय, म्हणून अक्षराकडे पाहू नकोस.

तुझी गाडी मी इथल्या शोरूममध्ये जाऊन पाहिली. आत बसलो. विक्रेता खूप बोलला, मी खूप मान हलवली. छान आहे. बॉनेटही उघडून घेतलं.

किर्रर्रचं पाहतो. तोवर चालवत राहा, काही बिघडणार नाही.

तुझा
खटपट्या


दि. ५ मार्च

श्रीमती ताईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी तुमच्या भावाच्या खालच्या मजल्यावर राहते आणि दवाखान्यात परिचारिका आहे. तुमचा पत्ता पाकिटाच्या मागे पाहिला. तुमच्या भावाचं मागचं पत्र मीच पेटीत टाकलं होतं. हे पत्र त्यांना न विचारता लिहीत आहे.

बारा फेब्रुवारीला ते गाड्यांच्या शोरूममधून घरी येत होते. रस्ता ओलांडताना मागून स्कूटर आली. चालवणाऱ्या मुलीने हॉर्न दिला, पण यांना तो ऐकू आला नाही. उजवं मनगट मोडलं, खांद्याला मार आहे. प्लास्टर सात आठवडे राहील. तुम्हाला आलेलं पत्र त्यांनी डाव्या हाताने, दोन दिवस बसून लिहिलं.

दवाखान्यात जवळचं कुणी आहे का असं मी पाटीवर लिहून विचारलं, तेव्हा त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मला ते खरं वाटलं होतं. पण उशाशी तुमची पत्रं आहेत.

हाड जुळेल, त्याची काळजी नाही. पण त्या दिवसापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. डबा मी दाराशी ठेवते. दार वाजवून उपयोग नाही, म्हणून फटीतून चिठ्ठी सरकवते. कधी कधी चिठ्ठी दुपारपर्यंत तशीच असते. माणसाने फार दिवस असं राहू नये, असं मला नर्स म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून वाटतं.

आगाऊपणाची क्षमा असावी.
आपली
खालच्या मजल्यावरची


दि. ९ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

सगळं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस आणि त्या बाईंवर डोळे वटारू नकोस.

तुला एक सांगायचं आहे, आणि तोंडावर सांगण्याआधी कागदावर सांगते. किर्रर्र असा आवाज माझ्या गाडीत कधी आला नाही. तो मी रचला. टिकटिक थांबली त्या दिवशी आनंद व्हायच्या ऐवजी मला धास्ती बसली, की आता हा लिहील कशाला? हे गेल्यापासून तू मला चार ओळींच्या वर काही लिहिलं नव्हतंस. आणि एका टिकटिकीपायी पानभर! ते पत्र मी तलावाच्या काठावर चार वेळा वाचलं. मग बाबांच्या खटाऱ्यातला आवाज काढून तुला पाठवला, कारण मला दुसरा कुठला आवाज येतच नव्हता.

त्या खोट्यासाठी तू रस्त्यावर उतरलास आणि हात मोडून घेतलास. मला लाज वाटते, दुसरा शब्द नाही. पंपावरच्या म्हाताऱ्याशी खोटं बोलले त्याचं काही वाटलं नव्हतं. हे रात्रंदिवस टोचतंय.

शनिवारी सकाळी निघते. दोनशे चाळीस किलोमीटर आहेत. इतक्या लांब मी कधी गेलेली नाही आणि ट्रकांची मला भीती वाटते, पण येते. लेकीला सांगितलं तर तिने या वेळी ओव्हन बंद केला आणि नीट ऐकलं. हे पत्र शुक्रवारी पोचेल अशा बेताने टाकते, म्हणजे नको म्हणायला तुला वेळ मिळणार नाही. मी दार वाजवणार नाही, कडी काढून ठेव.

रागाव, पण दाराशी ये.
तुझी
ताई


दि. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा प्लास्टर निघालं. हात वाळक्या शेंगेसारखा झालाय, पण अक्षर माझं आहे.

तू नऊ दिवस होतीस आणि नऊही दिवस त्या आवाजाची माफी मागत होतीस. पाटीवर लिहून लिहून तुझे खडू संपले. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण माझं बोलणं मलाच ऐकू येत नाही आणि मग ते ओरडल्यासारखं होतं. म्हणून आता लिहितो.

मला माहीत होतं. शोरूममध्ये बॉनेट उघडलं तेव्हाच कळलं. तुझ्या गाडीतला पंखा विजेच्या मोटरीवर फिरतो. त्याला पट्टाच नाही. पट्टा नाही तर ओरडणार कोण? त्या विक्रेत्यासमोर मी मोठ्याने हसलो असणार, कारण तो दचकला. घरी येताना वाटभर मी तुला लिहायचं पत्र मनात जुळवत होतो. असा काही टोला हाणणार होतो की तू महिनाभर आठवण काढली असतीस. त्या नादात मागे वळून न पाहता रस्त्यात पाऊल टाकलं. तेव्हा दोष द्यायचाच तर माझ्या फाजीलपणाला दे. कित्येक महिन्यांनी मी रस्त्याने हसत चाललो होतो, ताई. हाताच्या बदल्यात ते महाग पडलं असं मला वाटत नाही.

डाव्या हाताने मी तो टोला लिहायला बसलोही होतो. पण मग विचार केला, खोटं पकडलं की तू गप्प होशील. म्हणून किर्रर्रचं पाहतो, एवढंच लिहिलं.

माझ्याकडे राहायला ये, असं तू पाटीवर तीनदा लिहिलंस आणि मी तीनदा पुसलं. शेवटच्या दिवशी तू चिडलीस. मी तुझ्यावर नाही चिडलो. या घरात कुठली फळी हलते, किटलीची वाफ कुठून दिसते, हे मला ठाऊक आहे. नव्या घरात मी पुन्हा पहिलीत बसेन. तेवढं बळ आत्ता नाही. पुढचं पुढे. मात्र यंत्र खणातून काढलंय. शेजारीणबाई रोज संध्याकाळी दहा मिनिटं समोर बसून वर्तमानपत्र वाचतात. दहातला एखादा शब्द सापडतो.

तू गाडीतून मला दवाखान्यात नेलंस, तेव्हा मी समोरच्या फळीवर डावा तळवा ठेवला होता. तू खुणेने विचारलंस की काय करतोस, आणि मी काही नाही म्हणालो. मी इंजिन ऐकत होतो. तळव्याला ऐकू येतं. तुझी गाडी ठणठणीत आहे, आणि तू तिसरा गिअर फार लवकर टाकतेस.

तू गेल्यावर घर फार मोठं झालं. दोन कप धुतले आणि दुसरा कुठे ठेवायचा हे कळेना, तो अजून ओट्यावरच आहे.

आणखी एक. शेजारीणबाईंनी काल पाटीवर लिहिलं की जाताना कोपऱ्यावर तू तीनदा हॉर्न दिलास, गल्लीतली माणसं खिडक्यांत आली. मी तेव्हा पाठ फिरवून आत आलो होतो. तुला आरशात रिकामी गॅलरी दिसली असेल, आणि वाटलं असेल की याने दोन मिनिटंही थांबू नये. ताई, मला काही कळलंच नाही.

पुढच्या वेळी हॉर्न नको. वळण्याआधी मागचे दोन्ही दिवे लुकलुकव. गाडी नजरेआड होईपर्यंत मी कठड्याशी उभा राहीन.

तुझा
खटपट्या