सात खिशांचा कोट

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ८.
टॉवेल आज पुन्हा खाली पडला. बाथरूमजवळच्या दाराला हुक एकच, आणि त्यावर गेली सात वर्षं सासऱ्यांचा कोट. माझा टॉवेल त्या कोटाच्या खांद्यावर आश्रितासारखा बसतो आणि दिवसातून तीनदा लोळण घेतो. मी अजून आवाज चढवलेला नाही. याची इतिहास नोंद घेईल.
सासरे बायकोबरोबर मेहुण्याकडे गेलेत, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. त्यांना उजेड-अंधार कळतो, चेहरे नाही. दहा दिवस घर माझं. निघताना बायको म्हणाली, अहो, बाबांच्या कोटाची डावी बाही खांद्यात उसवलीय, तेवढे चार टाके घाला. बाकी हात लावू नका.
बाकी म्हणजे काय, हे तिने स्पष्ट केलं नाही.

मंगळवार, ३.
कोटाची पाहणी. कोपरं विरलेली, अस्तर लोंबतंय. खिसे सात! एका माणसाला सात खिसे कशाला? याला टाके नकोत, पुनर्जन्म हवा. जुन्या कपड्यांतून नव्या वस्तू, या विषयावर अकरा व्हिडिओ पाहिले. एक बाई चौदा मिनिटांत कोटाची बॅग करते, मध्ये चहाही पिते.
प्लॅन: सासऱ्यांना खांद्याला लावायची बॅग, दोन अभ्रे, उरल्यास चष्म्याचं घर. सासरे गहिवरतील. बायको फोन करकरून सगळ्यांना सांगेल.

बुधवार, ४.
खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींकडून कापडाची कात्री आणली. म्हणाल्या, कागदाला लावाल तर याद राखा, धार जाते. मी म्हटलं, मावशी, मी काय लहान आहे?
दुपारी ३. वर्तमानपत्राचा पॅटर्न कापला. घरातली कात्री सापडत नव्हती. एकदाच. म्हणजे नऊ तुकडे.

गुरुवार, ५.
कोट कापला. कात्री कापड कापत नाही, चावते. हल्ली लोखंड चांगलं येत नाही. खिशांतून किल्ली, शिट्टी, रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या, काठीचं जादा रबर, पत्त्याचं कार्ड. सातवा रिकामा. सगळं एका डब्यात ओतलं. बॅग जवळजवळ तयार, फक्त शिवायची राहिलीय.

शुक्रवार, ६. सकाळी १०.
बायकोचा फोन. डॉक्टर म्हणतात ऑपरेशनचा उपयोग नाही, मागची नसच सुकलीय. उद्याच परत येतायत. मग सासऱ्यांनी फोन घेतला. जावईबापू, डोळ्यांचं जाऊ द्या, माझा कोट आहे ना जाग्यावर? कुठल्या खिशात काय ते हाताला पाठ आहे, म्हणून तर संध्याकाळी चौकापर्यंत एकटा जातो. नाहीतर खुर्चीच आहे.
मी म्हटलं, सगळं जाग्यावर आहे. हुक होताच.
नवा प्लॅन: पुन्हा कोट. तुकडे तेच, नुसते जोडायचे. संध्याकाळच्या आत होईल.

शनिवार, ७. सकाळी ११.
झाला. शिलाईत जाणारं कापड आधी सोडावं लागतं, हे त्या बाईने सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेल. मी व्हिडिओ पुढे ढकलत होतो.) प्रत्येक जोडाला बोटभर गेलं. बाह्या कोपराच्या जरा खाली येतात. खिसे तीन.
दुपारी २. टॅक्सी खाली आलीय. कोट हुकावर लावला. लांबून कोटच वाटतो. सासऱ्यांना तर जवळूनही दिसत नाही. काळजीचं कारण नाही.
दुपारी २.१०. बायकोने कोट पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कोट पाहिला. सामान घेऊन आत गेली. बोललेली परवडते.
सासऱ्यांनी बाहीत हात घातला, तो अडकला. डावीकडे चाचपलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. हळूच म्हणाले, जावईबापू, हा आटला की मी वाढलो? मी म्हटलं, हवा दमट होती.
त्यांनी कोटाची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसले. सहा वाजले, चौकात जायची वेळ. उठले नाहीत.

रविवार, ८.
आजही उठले नाहीत. बायको माझ्याशी भिंतीमार्फत बोलते.
मावशी कात्री मागायला आल्या. पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, कागद. मी हवेचं सांगणार होतो, पण मान हलली. म्हणाल्या, आता ठेवा तुमच्याकडेच, लिफाफे फोडायला. आणि गेल्या.

सोमवार, ९. संध्याकाळी ७.
माझं जाकीट घातलं. डब्यातल्या वस्तू आठवतील तशा खिशांत भरल्या. सासऱ्यांपुढे उभा राहिलो. म्हटलं, चला, सहा वाजले.
त्यांनी माप घेतल्यासारखं मला चाचपलं. किल्ली बरोबर आहे, म्हणाले, पेपरमिंट आत हवं, आणि शिट्टी वर, पोट नाही वाजवायचंय मला. बदललं. उजवीकडचा खालचा खिसा रिकामा होता. त्यात त्यांनी स्वतःचा हात घातला आणि चौकापर्यंत काढला नाही. थंडी होती.
चौकात धारवाला बसतो. कात्रीला धार लावून घेतली. घरातून निघतानाच कोटाच्या उरल्या तुकड्याचं तिला घर करून ठेवलं होतं. वाकडं आहे, पण कात्री बसते.
येताना मावशींच्या दाराच्या कडीला अडकवली. बेल वाजवली नाही.
जाकीट हुकावर लावलं. टॉवेल आता दोरीवर टाकतो.