मौनाच्या अध्यायासाठी बोलण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख ग्रंथपाल,
हस्तलिखित विभाग, मध्यवर्ती ग्रंथालय

विषय : पोथी मोठ्याने वाचण्यासाठी एखादी खोली मिळणेबाबत.
संदर्भ : आपले 'विचाराधीन आहे' हे उत्तर, व त्याआधीची तशीच उत्तरे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून पुन्हा एकदा सादर करतो की, मी व माझी थोरली बहीण एका प्राचीन योगग्रंथाची संशोधित प्रत तयार करीत आहोत. आमची रीत जुनी आहे. एकाने एक पोथी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने दुसरी पोथी समोर धरून ऐकायचे आणि पाठ वेगळा आला की "थांब" म्हणायचे. दोन्ही पोथ्या एकट्याने पाहिल्या तर डोळा आपल्याला हवे तेच वाचतो, असे आमचे वडील सांगत. आता शेवटचा अध्याय तेवढा उरला आहे. त्याचा विषय मौन आहे. हे गंमत म्हणून लिहीत नाही; गंमत करण्याचे त्राण उरलेले नाही.

२. वाचनकक्षात शांततेचा नियम आल्यावर आम्ही जिन्यात बसलो. आवाज घुमतो म्हणून तिथून आमची रवानगी पंपाच्या खोलीत झाली. पंप चालू असताना तिथे काही ऐकू येत नाही आणि बंद असताना खोलीला कुलूप असते.

३. दरम्यान आपल्या तळघरात पाणी शिरून दुसरी पोथी गेली आणि त्याच सुमारास ताईची दृष्टीही गेली. तरी काम अडले नाही, कारण ती पोथी ताईच्या कानात आहे. नुसते म्हणून दाखव म्हटले तर तिला येत नाही. वेगळे काही ऐकले की मात्र तिच्या पोथीतला पाठ आपोआप ओठांवर येतो. परंतु ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचक-कार्ड देता येत नाही, असे कळवून आपल्या कार्यालयाने तिचे कार्ड रद्द केले. ती आता अभ्यागत म्हणून येते. पोथी नकलून घरी न्यावी, तर संशोधित प्रत पूर्ण झाल्याखेरीज नक्कल करू देता येत नाही, असे उत्तर मिळाले.

४. शेवटी मी तिच्या कानाशी लागून वाचू लागलो. हे दोघे आमच्याविषयीच काहीतरी बोलतात, अशी इतर वाचकांनी तक्रार केली. त्या दिवशी घरी जाताना ताई म्हणाली, "अरे, त्या ग्रंथकर्त्याने सगळं बोलून झाल्यावर मौन धरलं. आपल्याला आधीच धरायला लावतायत." मला फार वाईट वाटले.

५. सबब, दार लागणारी कोणतीही खोली, अडगळीचीसुद्धा चालेल, आम्हास काही दुपारी मिळावी. ताईचा डावा कान गेल्या महिन्यात गेला. उजव्याने ऐकू येते, पण मोठ्याने वाचावे लागते. हा अर्ज विचाराधीन ठेवण्याइतका अवधी त्या कानाकडे नाही.

आपला थकलेला, तरीही नम्र,
कार्ड रद्द झालेल्या बाईंचा धाकटा भाऊ

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : नेत्रतज्ज्ञांचा दाखला. कानाच्या डॉक्टरांचा दाखला मुद्दाम जोडलेला नाही. तो पाहून तिचे अभ्यागत म्हणून येणेही बंद होईल, अशी भीती वाटते.