नाट्यगृहाच्या जागेवरची माझी हरकत

मी, महिपती कमळाकर घरत, वय एक्क्याऐंशी, राहणार पेण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा दिनानाथ शंका काढणारच.

१. राहते घर आणि भाताची गिरण दिनानाथला. गिरणीचा पट्टा दर दिवाळीत बदलावा. मी कधी बदलला नाही आणि तुटला की गड्यांवर ओरडलो.

२. बँकेतील शिल्लक कोलाडला दिलेली मुलगी सरू हिला. तिने कधी काही मागितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. हे माझे चुकले.

३. खाडीकडच्या रस्त्याला लागून असलेली माझी वीस गुंठे जागा नगरपालिकेस, फक्त नाट्यगृहासाठी. दिनानाथने तिथे मंगल कार्यालयाचा नकाशा काढून आणला आहे. नकाशा छान आहे, पण जागा त्याला मिळणार नाही. कारण लिहितो.

१९८४ साली शहराच्या विकास आराखड्यात ही जागा नाट्यगृहासाठी राखून ठेवली होती. जागा हातची जाणार म्हणून मी हरकतीचा अर्ज लिहिला आणि चाळीस जणांच्या सह्या जमवल्या. मिठागरात राबणाऱ्या हौसाचा बायकांचा नाटकसंच होता. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऐकून अख्खे नाटक पाठ करी. "नाट्यगृह व्हावे म्हणून अर्ज आहे," असे खोटे सांगून मी तिचा अंगठा सर्वांत वर घेतला. नाटकवाल्यांचीच हरकत म्हटल्यावर आरक्षण उठले.

पुढे पंचवीस वर्षे त्या बायका मैदानात, दोघींनी धरलेल्या लुगड्याच्या आडोशाला कपडे बदलत राहिल्या. हौसा भेटली की म्हणे, "दादा, तुमी आमच्यासाठी लय खटपट केलीत." मला शरम वाटे. पुढे पुढे ती दिसली की मी रस्ता बदलू लागलो.

गेल्या सोमवारी तिच्या घरी जाऊन सगळे सांगितले. ती सुकट निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "माजा अंगठा व्हता, व्हय? मंग आता मी सांगतंय ता लिवा."

तिच्या अटी अशा: बायकांना आतून कडी लागणारी वेगळी खोली. सामानाचा टेम्पो थेट मागच्या दाराला लागावा. तालमीला भाडे नको. दर शनिवार गावच्या नाटकांचा, लग्नसराईतसुद्धा. पाच वर्षांत पाया भरला नाही तर जागा सरूने ताब्यात घेऊन तिथे निदान उघडा रंगमंच बांधावा. ही शेवटची अट माझी.

४. नाट्यगृहाला हौसाचे नाव द्यावे, असे मी तिला म्हणालो.

"नाय. तुमचाच नाव लावा," ती म्हणाली. "नि खाली तो हरकतीचा कागद काचेत लावा, माज्या अंगठ्यासकट."

"लोक वाचतील गो."

"मना वाचता येत नव्हता, दादा. लोकांना येतय."

अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. हौसा म्हणाली तसेच करावे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली.

महिपती कमळाकर घरत

साक्षीदार:
१. बाबाजी केरू ठाकूर (सही)
२. धोंडुबाई सखा मोकल (सही)

पेण, दि. १२ नोव्हेंबर २००९