डाव्या पानावर चीन, उजव्या पानावर आपण

मी, मिखाल ऍलन चेऊलकर, वय अठ्ठावीस, राहणार साउथहॅम्प्टन, नोकरी पोर्टच्या ऑफिसात, असं लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात आहे. अठरा तारखेला सर्जन त्यातला एक व्हॉल्व बदलणार आहेत. मला कोणी जबरदस्ती केलेली नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

मराठीत लिहिते, कारण जे निस्तरायचंय ते मराठीत झालं. शाळा ठाण्यात, इंग्लिश मीडियमची, आणि पंधराव्या वर्षी इथे आले, तर चुका असतील. हल्ली एक जिना चढला की बसावं लागतं. परत तपासणार नाही. सगळी व्यवस्था माझी चुलत बहीण डॅनिएला बघेल. तिला विचारलंय, ती हो म्हणाली आणि रडली.

१. बँकेत असेल ते आईला. आई, माझ्या कबरीवर मोठा दगड करू नकोस. नाव, तारीख, बास.

२. सायकल शेजारच्या गंधारला द्यायची होती. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काहीच मिळत नाही. त्याला सांगितलं तर म्हणाला, "सुटलो. ब्रेक लागतात कुठे तिचे?" तर सायकल चॅरिटी शॉपला. ब्रेक लागत नाहीत हे त्यांना सांगावं.

३. ऑफिसातला माझा छोटा हीटर राजीवला सोडून कोणालाही द्यावा. दोन हिवाळे त्याने तो न विचारता स्वतःच्या पायाशी ओढलाय. मी काही बोलले नाही. आता बोलतेय.

४. वही. माझ्याकडे खरं तर एवढंच आहे.

सहा वर्षांपूर्वी त्याच चॅरिटी शॉपमध्ये मला एका चिनी पुस्तकाचं इंग्लिश भाषांतर मिळालं. चिनी मला येत नाही. पुस्तक जवळजवळ सोळाशे वर्षं जुनं. त्यात त्यांच्याकडच्या नावाजलेल्या माणसांचे किस्से आहेत, एकेक चार-पाच ओळींचा. कोण काय बोललं, कोण कसा चिडला, मित्र गेल्यावर कोण कसा वागला. छत्तीस प्रकरणं, बहुतेक माणसाच्या एकेका गुणाची नाहीतर खोडीची. किस्सा सांगून झाला की लिहिणारा गप्प बसतो, उपदेश करत नाही. तुम्हाला कुठल्या प्रकरणात टाकलंय, त्यावरून तुम्ही समजायचं.

मला वेडच लागलं. लंडनमध्ये स्टॅनमोरला मिल्का आंटींकडे महिन्यातून एकदा आमची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी जमतात. मराठी बोलणारे आता थोडेच उरलेत. तिथे मी ते किस्से मराठीत सांगायला लागले. एक संपला की मिल्का आंटी मांडीवर थाप मारायच्या, "अगं, हा कसला चिनी? हा तर माझा सासरा!" मग सासऱ्याचा किस्सा. मी वही केली. डाव्या पानावर चिनी किस्सा, समोर उजव्या पानावर आपला, त्याच प्रकरणातला. तेवीस प्रकरणं भरली. आता पेन धरून अर्धा तास झाला की दम लागतो.

वही डॅनिएलाला. तिला मराठी वाचता येत नाही, माहितीये. पण मिल्का आंटींना वाचता येतं आणि त्यांना चहाला कंपनी लागते. तिथे जात जा. उरलेली तेरा प्रकरणं भरली नाहीत तरी चालेल.

५. याच वहीतलं एक पान. 'कंजूषपणा' या प्रकरणात उजव्या बाजूला मी हे लिहिलंय:

"मलिद्याची प्रार्थना झाली की नॅथन अंकल उरलेले गोड पोहे दोन लिटरच्या आईस्क्रीमच्या डब्यात भरून न्यायचे. मिल्का आंटींनी विचारलं, 'घरी एकटेच ना तुम्ही? खातं कोण एवढं?' नॅथन अंकल म्हणाले, 'डबा.'"

हे मी सगळ्यांसमोर वाचलं, नॅथन अंकल पुढच्याच खुर्चीत असताना. सगळे खूप हसले. तेही हसले.

त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की त्यांची बायको, सारा आंटी, इस्रायलला मुलीकडे अश्दोदला आहे. चार महिन्यांनी सारा आंटींचं दफन झालं, वॉटफर्डजवळच. तिथे केअर होममधली एक बाई आली आणि तिने नॅथन अंकलच्या हातात तो डबा दिला. धुतलेला. आंटी तीन वर्षं त्या केअर होममध्येच होत्या. डबा दर वेळी तिथे जायचा.

त्या दिवसापासून नॅथन अंकल स्टॅनमोरला येत नाहीत. माझे फोन घेत नाहीत. चौदा महिने झाले. मी माणूस चुकीच्या प्रकरणात टाकला, आणि वर वाचून दाखवला.

म्हणून: हे एक पान नॅथन अष्टमकर यांच्या मालकीचं. त्यांनी ते फाडावं, जाळावं, काहीही करावं. डॅनिएलाने वही आधी त्यांच्याकडे न्यावी.

६. पाचव्या कलमाची कॉपी मी नॅथन अंकलना पोस्टाने पाठवली. हे सहावं कलम आज, सही करायच्या आधी, वाढवतेय.

दुसरी साक्षीदार म्हणून ऑफिसातली आसावरी येणार होती, तिच्या मुलाला ताप आला. गंधार येऊन बसला होता. बेल वाजली तर दारात नॅथन अंकल. वॉटफर्डहून, दोन ट्रेन बदलून.

"किती वाळलीयेस," ते म्हणाले. मग, "साक्षीदार कमी आहे ना? पेन दे."

मी म्हटलं, "अंकल, तुम्ही सही केलीत तर पाचव्या कलमातलं तुम्हाला मिळणार नाही. पान फाडता येणार नाही."

"वाचलंय मी. आणि कायदा कळतो मला. चाळीस वर्षं बस दुरुस्त केल्यात इथे, युनियनचे कागद कोण वाचायचं?"

"मग निदान 'शोक' या प्रकरणात हलवते. तिथे जागा आहे."

गंधार उगाच किटली भरायला उठला.

"माझं नाव विसरली होती ती," नॅथन अंकल म्हणाले. "मी कोण, नवरा की डॉक्टर, काही नाही. पोहे भरवले की म्हणायची, 'खोबरं कमी घातलंय. कंजूष कुठला.' लग्नापासून तेच म्हणायची मला. तेवढं विसरली नाही." मग म्हणाले, "आहे तिथेच राहू दे मला."

तेव्हा पाचवं कलम मी खोडलेलं नाही. त्यांच्या सहीने ते आपोआप निकामी होईल. पान वहीत राहील, त्याच प्रकरणात.

दोघांच्या समोर मी सही केली, माझ्या समोर दोघांनी. मी दमलेय. आता पडते.

साउथहॅम्प्टन, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

मिखाल ऍलन चेऊलकर (सही)

साक्षीदार:

गंधार लिमये, शेजारी (सही)

नॅथन अष्टमकर, निवृत्त बस मेकॅनिक, वॉटफर्ड (सही)
डबा एक लिटरचा होता. दोनचा नाही. वहीत नीट करणे.