डोळा, कान, पुस्तक, हात

३ फेब्रुवारी
फालतू धंदा आहे हा. नौपाड्यातलं ऑफिस, एसी इतका की नाक गळतं, आणि आम्ही तिथे बसून बिल्डिंगच्या वॉचमन लोकांसाठी मोबाईलवरचं ट्रेनिंग बनवतो. आग लागली तर काय, लिफ्ट अडकली तर काय. क्षिप्रा मॅडमचं म्हणणं, प्रत्येक माणूस वेगळ्या पद्धतीने शिकतो. म्हणून सुरुवातीलाच चार चित्रं — डोळा, कान, पुस्तक, हात. ज्यावर बोट, तसले धडे. मी बारावीला उडालेला. मला कुठलं चित्र? दरवाजा!

५ फेब्रुवारी
साइटवर जाऊन बघायचं, धडे चालतात का. टिटवाळ्याला पाठवलं. मध्येच कळव्याला उतरलो, उगाच. खाडीवर एक जण जाळं सुकवत होता, त्याच्याशी गप्पा. उशीर.
नव्या टॉवरच्या गेटवर धाकूकाका, राजापूरकडचे. ओळख नाही पाळख नाही, अर्धा चहा माझ्यापुढे. त्यांनी पुस्तक दाबलेलं, म्हणून मोबाईलवर नुसती अक्षरंच अक्षरं. अंगठ्याने वर ढकलत होते, डोळे रस्त्यावर. परीक्षेत नापास. अजून एकदा नापास, की वॉचमन पुरवणारी एजन्सी कामावरून काढणार.

६ फेब्रुवारी
पुस्तक का दाबलंत? — चिडूनच विचारलं. आधी चष्म्याचं कारण. मग हळूच, "धनेश सुपरवायझर मागे उभा होता. त्याच्यादेखत कानावर बोट ठेवू? अक्षर येत नाय म्हणून सांगू?"
मग गेटवरचं रजिस्टर? येणारा आपलं आपण लिहितो. ह्यांनी फक्त पेन पुढे करायचं.
डोकं फिरलं. कोणावर, ते कळेना.

९ फेब्रुवारी
क्षिप्राला सगळं सांगितलं. म्हटलं, काकांचं पुस्तक काढा, कान द्या. ती म्हणे, बघते, तू कुणाला काही बोलू नकोस. बघते म्हणजे नाही — हे मला शाळेपासून माहीत आहे. एसीत बसून माणसांचे चार डबे करते बाई, आणि एक माणूस इकडचा तिकडे करता येत नाही!

१० फेब्रुवारी
काही नाही. डोंबिवलीत रिक्षावाल्याशी भांडलो.

१२ फेब्रुवारी
मीटिंग. एजन्सीचा साहेब आलेला, बरोबर धनेश. क्षिप्राने नापासांची स्लाइड लावली. त्यात धाकूकाका नाहीतच. गाळले! माणूसच पुसला की प्रश्न मिटला. मी उठलो. म्हटलं, टिटवाळ्याच्या धाकूंना वाचता येत नाही, त्यांना पुस्तक कसलं देताय, घाला तुमची चित्रं चुलीत. क्षिप्रा पांढरी पडली. धनेश खाली बघत बसला. लाज वाटली असेल. वाटू दे.
बाहेर येऊन दोन वडे खाल्ले. पोटभर बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी
काका पास! धडे कानाचे, परीक्षाही ऐकवून. तोंड उघडलं की कामं होतात. क्षिप्राला कुणीतरी शिकवा हे.

१६ फेब्रुवारी
गेटवर दुसराच माणूस. एजन्सीचा नियम म्हणे — वॉचमनला लिहिता-वाचता आलंच पाहिजे. काकांचा फोन बंद.
क्षिप्राशी भांडायला गेलो. तिने आवाजही चढवला नाही. "धनेशला पहिल्यापासून माहीत होतं. त्यानेच सांगितलेलं, कानाचे धडे गुपचूप टाका. मीटिंगच्या आधीच टाकले होते मी. फक्त साहेबाला कळायला नको होतं."