पाटीवरच्या पेन्सिली

४ जुलै १९८८
पेन्सिली परत कमी. गेल्या सोमवारी पेटी भरली होती, आज तळ दिसतो. चोर सापडला: चौथीतली मंदा. तोंडात तुकडा, जीभ पांढरी. विचारलं, कशाला खातेस? तासभर उभं केलं. रडली नाही, भिंतीला टेकून हळूच खाली बसली. मी आणखी ओरडले. आळशी म्हणाले.

७ जुलै
मंदाची आई आली. दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाते. नवरा डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर, शनिवारचा घरी. घरी मंदा भिंतीची माती खरवडून खाते म्हणाली. मारून झालं, उपास करून झाले. आता चौथीनंतर घरीच ठेवणार. पाचवीला घाटी चढून धारगळला जायचं, ही तर विहिरीवर जाताना दोनदा बसते. हुशार पोर आहे, पण मीच परवा तिला...

१२ जुलै
आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर लुर्दीन आली. सगळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मला जवळ बोलावलं, माझी पापणी ओढून आरसा धरला, मग मंदाची दाखवली. माझी लाल. तिची पाव भिजवलेल्या दुधासारखी. अंगात रक्त नाही, लोह नाही. अशी मुलं माती खातात, पेन्सिली खातात, बसल्या जागी पेंगतात. हे सगळं ती साध्या आवाजात सांगत होती.
बाप दिवसभर लोखंडाची माती वाहतो. असो.

१३ जुलै
पेन्सिलींची पेटी सांभाळायला मंदाकडेच दिली. वर्गासमोर. माफी म्हणून एवढंच.

१९ जुलै
लोहाच्या गोळ्या सुरू. डब्यातला कागद इंग्रजीत. बाहेर मराठी की कोकणी यावरून माणसं भांडतात, या कागदाला दोन्ही येत नाहीत. हेडमास्तर रजेवर. दोन मुलांना ओकारी. उपाशी पोटी देऊ नका असं सिस्टर लुर्दीन म्हणाली होतीच. उद्यापासून मी शाळेतच स्टोव्हवर चहा करणार, गूळ घालून, बरोबर अर्धा पाव. स्टोव्हचा एक पाय डुगडुगतो. कागद घडी घालून खाली सरकवला, बसला बरोबर.

२ ऑगस्ट
चहाचा लौकिक गावभर. मुलं गोळीसाठी रांग लावतात! शी काळी होते म्हणून एक आई घाबरून आली, तिला समजावलं. खरं सांगायचं तर स्वतःवर खूश आहे.

१७ ऑक्टोबर
सि. लु. परत तपासायला आली. बाकीची थोडी बरी, मंदा होती तिथेच. सिस्टर गोंधळली. गोळी रोज देता ना? देते म्हटलं, माझ्या हाताने, आणि मोठ्या ऐटीत तिच्याही हातात कप ठेवला. तिने कपाकडे पाहिलं.
"बाई, च्या पियेल्यार गोळी आंगाक लागना."
ती गेल्यावर स्टोव्ह उचलला. कागद काढला, हेडमास्तरांकडून वाचून घेतला. तिसऱ्याच ओळीत चहा. तीन महिने त्या ओळीवरच चहा उकळत होता.

१८ ऑक्टोबर
मंदाच्या घरी गेले. ऐकवायचं ते ऐकवू दे, म्हणून मनाची तयारी करून. चूक माझी, सगळं सांगितलं. मंदाच्या आईने हातातला विळा खाली ठेवला.
"माजां चेडू आळशी न्हय तां कळलां, माका तितक्यां पुरो."
मग मला बसायला पाट दिला. आणि चहा! दोघी हसलो. मी घेतला. निघताना पदरात पेर घातले, दारातल्या पेरूच्या झाडाचे. मला वाटेत रडू आलं. इतकं मोठं मन मी कुणाला दाखवलं असतं का, ठाऊक नाही.

२४ ऑक्टोबर
स्टोव्ह बंद. आता पेज, मग गोळी, वर लिंबूपाणी; आंबटाने गोळी अंगाला लागते म्हणे. मंदाची आई टोपलीभर पेर पाठवते, वर्गाला पुरतात. मुलं चहासाठी रुसली आहेत. रुसू देत.

१२ डिसेंबर
दिवाळीच्या सुटीत गोळ्या घरी दिल्या होत्या. एकही दिवस चुकला नाही म्हणे. आज मंदा लंगडी खेळली. बाद झाली तेव्हा भांडली! तिचा आवाज एवढा मोठा आहे हे आज कळलं.

२३ जानेवारी १९८९
सि. लु. पापणी बघून हसली. अजून पूर्ण नाही, पण गुलाबी आहे. मी तिचे हात धरले. ही बाई पायी गावं पालथी घालते, कुणी तिला पाणी तरी विचारतं की नाही कोण जाणे. आज नारळ दिले, घेत नव्हती.

३ मार्च
पेटी पाहिली. पेन्सिली जिथल्या तिथे. मंदा म्हणाली, आता वासच आवडत नाही.

१५ एप्रिल
पाचवीचा फॉर्म आणला. मंदाची आई म्हणते, वडील आल्यावर बघू. ते गेल्या शनिवारी आले नाहीत. मीच म्हटलं, निदान घाटी चढून बघू. सकाळी मंदा आणि मी निघालो. निम्म्यावर मी थांबले, कंबरेवर हात, तोंडाने धाप. मंदा वर पोचलेली. धावत खाली आली, माझी पापणी खाली ओढली, सिस्टर बघते तशी निरखून पाहिली.
"बाई, तुमी च्या सोडा."
वर जाऊन धारगळची शाळा दाखवली. लांबूनच. फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे, सही व्हायची आहे. आजचा संध्याकाळचा चहा घेतला नाही.